कोंडा कुणाचा, मासा कुणाचा?

भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात धानाच्या गिरण्या आहेत आणि मालगुजारी तलावही आहेत. त्या तलावांत मासे वाढविणाऱ्या ढिवरांच्या सहकारी संस्थांना गिरणीचा कोंडा सहज मिळावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. प्रत्यक्षात कोंडा बहुतांशी तेलाच्या कारखान्यांकडे जातो. तेल काढून उरलेली पेंड खाद्याच्या व्यापारात शिरते आणि वाहतूक, व्याज व नफा यांचा भार घेऊन पोत्यांतून परत येते.

रोहू, कटला, मृगळ हे मासे कोंड्यावर आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर उत्तम पोसले जातात. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या परिसरात हे मिश्रण छिद्रे पाडलेल्या पिशव्यांत भरून तळ्यात बांबूंना बांधतात आणि मासे ते टोचून खातात. माशांच्या भुकटीची खरी भूक आहे ती कोळंबीच्या शेतीला. किनाऱ्यावरची तारली, जी गरिबाच्या ताटातील स्वस्त प्रथिन होय, ती या भुकटीसाठी दळली जाते. म्हणून वनस्पतिजन्य खाद्याचा प्रश्न केवळ मत्स्यशास्त्रज्ञांचा नाही.

अलीकडे संत्र्याची साल, डाळिंबाची साल व द्राक्षांचा चोथा यांच्याकडेही संशोधकांचे लक्ष वळले आहे. योग्य प्रमाणात दिल्यास यांतील घटक माशांची रोगप्रतिकारशक्ती वाढवितात, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. त्यामुळे प्रतिजैविकांचा वापर कमी होऊ शकेल. तथापि ‘वनस्पतीचे ते निर्धोक’ ही समजूत भाबडी आहे. टॅनिन अधिक झाले तर प्रथिने पचत नाहीत. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल असते. कोंड्यातील बरेचसे स्फुरद माशाला पचत नाही. ते पाण्यात जाऊन शेवाळ माजविते, आणि त्यासाठी कोंडा आंबवून देणे हा साधा उपाय आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले ते बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे. त्याच सुमारास अमेरिकेतील ट्राउट माशांच्या यकृतात गाठी आढळल्या. तेथे सरकीच्या पेंडीतील तेच अफ्लाटॉक्सिन कारणीभूत ठरले. सालीवर फवारणीचे अंश राहतात ते वेगळेच. तेव्हा तपासणी हवी. आणि तिचा खर्च पाच-पन्नास सभासदांच्या संस्थेवर लादणे म्हणजे तिला या व्यवहारातून हाकलणेच होय.

याहून अवघड प्रश्न गुरांचा आहे. कोंड्याला आणि पेंडीला पूर्वीपासून हक्कदार आहेत. पशुखाद्य महागले म्हणून जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने तेलविरहित कोंड्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि पुढे तिला वारंवार मुदतवाढ दिली. मासा आणि म्हैस एकाच गव्हाणीशी आली की भाव चढतो, आणि प्रथम मागे हटतो तो एकच म्हैस बाळगणारा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला पर्यायी व्यय म्हणतात. खेड्यात त्याला दुधाचा रतीब बंद होणे म्हणतात. म्हणून ज्या सालीला व चोथ्याला आज फारसे कोणी विचारीत नाही, तिकडे संशोधनाचा पैसा आधी वळावा.

कोंड्याबाबत मात्र शासनाच्या हाती एक साधन आहे, ज्याची चर्चा होत नाही. हमीभावाने घेतलेले धान सार्वजनिक पैशाचे असते. ते भरडाईसाठी खाजगी गिरण्यांना दिले जाते; परत घ्यायचा तो तांदूळ. शंभर क्विंटल धानामागे निघणारा सुमारे पाच ते आठ क्विंटल कोंडा गिरणीमालकाकडेच राहतो, आणि भरडाईचे दर तसे गृहीत धरूनच ठरतात. या कोंड्याचा काही हिस्सा ठरावीक दराने जवळच्या मच्छीमार संस्थांना देण्याची अट भरडाईच्या करारात का असू नये? दरात थोडी वाढ द्यावी लागेल, ती द्यावी. ताजा कोंडा तेलामुळे लवकर खवट होतो, म्हणून तो दूर नेण्यापेक्षा शेजारच्या तलावात घालणेच शहाणपणाचे. पुढील हंगामाचे करार होण्यापूर्वी विदर्भातील आमदारांनी हा प्रश्न सभागृहात विचारावा.