टेट्रिस आणि 'बोटं पळव'वाले

मंडळी, सांगवीच्या आमच्या भाच्याला स्पर्धेचं टेट्रिस शिकायचंय. सल्ला देणारे ढीगभर, आणि सगळ्यांचं एकच: "आधी बोटं पळव!" साफ चूक. निन्टेन्डोच्या १९८९ च्या टेट्रिसमध्ये शून्य लेव्हलला एक ओळ काढली की ४० गुण. चार ओळी एकदम काढल्या की १२००. सुट्या चार काढून जेमतेम १६०! मग चपळाई कशाला चाटायची?

हो, १३ वर्षांच्या विलिस गिब्सनने डिसेंबर २०२३ मध्ये १५७व्या लेव्हलला गेमच गोठवला, तो बोटांच्या जोरावरही. पण बोटांचा खरा कस २९व्या लेव्हलला लागतो. नवशिका तिथवर पोचतो कुठे?

तेव्हा भाचेबुवा, नऊ रकाने सपाट भर, उजवीकडचा दहावा मोकळा ठेव. उभा दांडा येईना म्हणून तो बुजवलास, तर मामाला फोन करू नकोस!