वह्या जूनमध्ये, मुले दिवाळीनंतर

मुंबई-नाशिक महामार्गाने ठाणे सोडले, खाडी ओलांडली की मानकोलीचा नाका येतो. दोन्ही अंगांना गोदामेच गोदामे. जकातीच्या काळात मुंबईच्या वेशीबाहेर माल उतरवणे व्यापाऱ्यांना परवडे, म्हणून ती उभी राहिली. 2017 साली जीएसटी आला, जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली. उल्हास खाडीच्या पलीकडे डोंबिवली, म्हणजे सकाळची लोकल धरून बँकेत, विमा कचेरीत, संगणक कंपनीत जाणाऱ्या बायकांचे गाव. आणि याच भिवंडी तालुक्यात वीटभट्ट्या. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, शहापूरकडून आदिवासी कुटुंबे त्यांवर येतात, पावसाच्या तोंडावर परततात. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून ती फेडतात. धाकट्या भावंडाला काखेत मारून बसलेली सात-आठ वर्षांची मुलगी हेच तिथले पाळणाघर.

कमावत्या बायकांचे क्लब आपल्याकडे आता नवलाईचे नाहीत. अमेरिकेत झोंटा 1919 साली आणि सोरॉप्टिमिस्ट 1921 साली निघाले, ते नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांसाठीच. इनर व्हील 1924 साली मँचेस्टरला निघाला, तो रोटरीवाल्यांच्या बायकांचा. खुद्द रोटरीने जगभरात स्त्रियांना दार उघडले ते 1989 साली! नवऱ्याच्या नावावर मिळणाऱ्या सभासदत्वापासून स्वतःच्या पगारातून दिलेल्या वर्गणीपर्यंतचा हा प्रवास लहान नाही. त्या पैशाला हिशेब विचारण्याची सवय असते, आणि ती चांगलीच.

पण हिशेब वेळेचाही विचारायला हवा. अनाथाश्रमाला धान्य, शाळेला वह्या-दप्तरे, असा कार्यक्रम बहुधा जूनमध्ये, शाळा उघडताना होतो. तेव्हा भट्टी थंड असते. तिथली मुले आपल्या गावच्या शाळेत असतात, नाव पटावर असते, दिवाळीनंतर ती गळतात. म्हणजे मदतीची सर्वांत जास्त गरज असते नोव्हेंबर ते मे. त्यात इनर व्हीलचे वर्ष जुलैला सुरू होते आणि अध्यक्षाही बदलते. नव्या बाईंना नवा प्रकल्प हवा असतो. यात कुणाची नियत खोटी नाही, पण मुलाला शाळेची गोडी लागायला दोन-तीन हंगाम जातात आणि तोवर दोन-तीन अध्यक्षा होऊन गेलेल्या असतात.

ही अडचण ताराबाई मोडकांनी फार पूर्वी ओळखली होती. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्यपदावर राहिलेल्या या बाई 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला हे काम रुजले. 1975 साली केंद्राने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. विधायक संसदेच्या ‘भोंगाशाळा’ याच वाटेने गेल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची तात्पुरती झोपडी. शाळा तिथे भरली, कारण मुले तिथे होती.

मग क्लबाने करावे काय? मला वाटते, वस्तूंपेक्षा आपला पेशा द्यावा. 2013च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितले. (सूचिबद्ध कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री हवी, हेही त्याच कायद्याने सांगितले.) पण 2021पासून हा पैसा घेऊ पाहणाऱ्या संस्थेला सरकारदरबारी वेगळी नोंदणी लागते, शिवाय लेखापरीक्षण, अहवाल. भट्टीवर वर्ग चालवणाऱ्या दोन शिक्षिका हे कधी करणार? तिथे एका सनदी लेखापाल बाईंचे चार रविवार शंभर दप्तरांहून मोलाचे. डॉक्टर बाईंनी महिन्यातून एकदा मुलांची वजने घ्यावीत, वकील बाईंनी उचलीचे कागद वाचावेत. आणि कंपनीत वरच्या जागी असलेल्या बाईंनी आपल्याच गोदामाच्या ठेकेदाराला विचारावे, की पॅकिंगला येणाऱ्या बायकांची पोरे दिवसभर असतात कुठे?

पदग्रहणाचे समारंभ जुलैत होतात. भट्ट्यांवर माणसे येतात दिवाळीनंतर. वर्गाची जागा, शिक्षिकेचे मानधन आणि गावच्या शाळेकडून मुलांच्या नावांची यादी एवढे जमवायला मधले तीन-चार महिने पुरतात.