विश्लेषण : चाचणीचे गुण पोर्टलवर पोहोचले, पण मुलापर्यंत काय पोहोचते?

समजा, तिसरीतल्या एका मुलाने ५२ मधून १७ वजा केले आणि उत्तर लिहिले ४५. बरोबर उत्तर ३५. वहीत फुली पडते, गुण शून्य. पण चूक नीट पाहिली तर वेगळेच दिसते. या मुलाला वजाबाकी येते. २ मधून ७ जात नाहीत म्हणून त्याने उलट ७ मधून २ वजा केले. त्याचे अडले आहे ते फक्त हातच्यापाशी. दोन दिवस काड्यांचे गठ्ठे सोडवून दाखवले तर कदाचित हे अडणे संपेल. गुणांच्या तक्त्यात मात्र हे कुठेच दिसत नाही. राज्यातल्या शाळांमध्ये मूल्यमापनाची साधने भरपूर असूनही प्रश्न सुटत का नाही, हे इथूनच समजून घ्यावे लागते.

शाळेत मूल्यमापन कसे होते?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची तरतूद आहे. त्यानुसार महाराष्ट्राने ऑगस्ट २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी पद्धत ठरवली. तिचे दोन भाग आहेत. सत्र संपताना होते ते संकलित, आणि शिकवता शिकवता होते ते आकारिक मूल्यमापन. आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधने दिली आहेत. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के आहे, सातवी-आठवीला ४० टक्के. म्हणजे लहान वयात परीक्षेपेक्षा रोजचे निरीक्षण महत्त्वाचे, हे कागदावर मान्यच आहे.

नियतकालिक चाचण्या कशासाठी?

जागतिक बँकेच्या साहाय्याने सहा राज्यांत ‘स्टार्स’ प्रकल्प राबवला गेला. महाराष्ट्र त्यातले एक राज्य. या प्रकल्पांतर्गत राज्यात नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. वर्षात एक पायाभूत आणि दोन संकलित अशा तीन चाचण्या. विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. गुण शिक्षकांनी ऑनलाइन भरायचे असतात. मूल कुठे मागे आहे ते शोधून त्यानुसार शिकवणे, हा पायाभूत चाचणीचा घोषित हेतू आहे.

मग अडते कुठे?

माहिती वर जाते, तिथेच. शिक्षक पेपर तपासतात, गुण भरतात. वर्ग, शाळा, तालुका, जिल्हा अशी सरासरी तयार होते. कोणत्या तालुक्याला मदत हवी हे ठरवायला ती उपयोगी आहे. पण ‘गणितात ४५ टक्के’ या आकड्यातून वर्गशिक्षिकेला उद्या सकाळी काय शिकवायचे ते कळत नाही. त्यात एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतील, तर माहिती भरण्यातच तो वेळ जातो, जो त्या मुलाला हातचा शिकवण्यासाठी हवा होता.

दुसरी अडचण विश्वासाची. चाचणी निदानासाठी आहे असे सांगायचे आणि तिच्याच निकालावरून शाळेची तुलना करायची, हे एकत्र चालत नाही. आकडा कमी दिसला की जाब विचारला जाणार असेल, तर आकडा वाढतो. शिकणे वाढेलच असे नाही.

गुण महत्त्वाचे की शेरा?

संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना फक्त गुण मिळाले, काहींना फक्त काय सुधारायचे ते सांगणारा शेरा, तर काहींना दोन्ही. पुढच्या कामात सरस ठरली ती फक्त शेरा मिळालेली मुले. गुण आणि शेरा दोन्ही मिळाले, तिथे शेऱ्याचा फायदा दिसला नाही. गुण दिसले की मुले शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात, शेरा वाचायचा राहूनच जातो.

साधे साधन पुरेसे आहे का?

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाचे वाचनाचे साधन एका पानाचे आहे. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. काही मिनिटांत मूल कोणत्या पायरीवर आहे ते कळते. २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतील पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला.

पण साधन फक्त पायरी दाखवते, पुढचे काम माणसाचे. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन त्यांच्या पातळीवरून शिकवले गेले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासात या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली.

आता हा प्रश्न तातडीचा का?

डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षेची संधी आहे. त्यातही अपयश आले तर त्याच वर्गात बसावे लागते. म्हणजे तिसरीत न कळलेला हातचा पाचवीत मुलाचे एक वर्ष घेऊ शकतो. आधीच्या दोन वर्षांत अनेक चाचण्या होऊन त्याचे गुण नोंदले गेलेले असतील, तरीही. अशा वेळी नापास नेमके कोण झाले?

पालकांनी काय विचारावे?

पालकसभेत ‘किती गुण पडले’ याऐवजी तीन प्रश्न विचारता येतील. माझ्या मुलाला नेमके काय येत नाही? त्यासाठी पुढच्या महिन्यात वर्गात काय करणार? आणि घरी आम्ही काय करावे? या प्रश्नांची उत्तरे देण्याएवढा वेळ शिक्षकांकडे नसेल, तर तो वेळ कुठे जातो, हा चौथा प्रश्न शिक्षण विभागाला विचारायला हवा.