कुपनाची चिठ्ठी आणि घरचा हिशेब



‘कुपन’ हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि माणशी ठरलेले धान्य मोजून मिळू लागले. पुढेही कित्येक वर्षे साखर व रॉकेल यांसाठी लोकांनी रांगा लावल्या. त्या पिढीच्या लेखी कुपन म्हणजे हक्काचा वाटा. माल थोडा आणि खाणारी तोंडे पुष्कळ, म्हणून ज्याला त्याला आपला वाटा मिळावा, एवढाच त्याचा हेतू होता. आज त्याच शब्दाचा अर्थ पार पालटला आहे. आता माल उदंड झाला असून विकणारा गिऱ्हाइकाच्या शोधात आहे. वर्तमानपत्राच्या घडीतून, चहाच्या पुड्यातून, दुकानाच्या बिलाच्या पाठीवरून आणि मोबाईलच्या पडद्यावरून सवलतीची कुपने घरात येऊ लागली आहेत. कोगनोळी हे तर पुणे-बंगळूर महामार्गावरचे सीमेलगतचे गाव. एका अंगाला कागल, दुसऱ्या अंगाला निपाणी. त्यामुळे आपल्याकडे अशी निमंत्रणे दोन्ही बाजूंनी येतात.

“फादर, ही कुपने वापरावीत की फाडून टाकावीत?” असा प्रश्न आमच्या भगिनी आम्हांस विचारतात. आमचे उत्तर असे की, अवश्य वापरावीत. कष्टाचे दहा रुपये वाचत असतील तर ते सोडून देण्यात कसलेही थोरपण नाही. तथापि, ही चिठ्ठी कोणी काढली व कशासाठी काढली, हे ओळखून ती वापरावी.

कुपनाच्या जन्माची कथा याबाबत उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील अटलांटा शहरात एसा कँडलर नावाच्या व्यापाऱ्याने कोका-कोला या पेयाचा एक पेला फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या लोकांना वाटल्या. पहिला पेला फुकट मिळाला. पुढचे पेले लोकांनी पैसे देऊन घेतले. त्या पेयाचा खप वाढत जाऊन ते जगभर पोहोचले. यात लबाडी काही नव्हती. परंतु फुकटचा पेला हा त्या व्यापाऱ्याचा दानधर्म नव्हता, ती त्याची पेरणी होती. पेरणाऱ्याची नजर पिकावर असते, हे शेतकऱ्यांच्या गावात निराळे सांगावयास नको.

आता थोडा हिशेब करू. समजा, ‘१,००० रुपयांच्या खरेदीवर १०० रुपये सूट’ असे कुपन हाती आले. आपल्या यादीतील माल ७४० रुपयांचा आहे. सूट मिळावी म्हणून आपण आणखी २६० रुपयांचा माल पाटीत टाकतो आणि ९०० रुपये देऊन बाहेर येतो. बिलावर ‘आपली बचत १०० रुपये’ असे छापलेले असते; परंतु घरातून १६० रुपये जास्त गेलेले असतात. तो जादा माल पुढील महिन्यात खरोखरच लागणार असेल, तर व्यवहार चांगला झाला. तो केवळ सुटीसाठी घेतला असेल, तर बचत कागदावरच राहिली.

दुसरे उदाहरण पाहा. ‘दोन घ्या, एक मोफत’ ही सवलत पुष्कळांना निम्म्या किमतीसारखी वाटते. वस्तुतः तीन नगांना दोन नगांची किंमत पडते, म्हणजे सूट सुमारे ३३ टक्के होते. ‘५० टक्के आणि त्यावर आणखी ३० टक्के’ असे वाचले की मनात ८० टक्के येतात. शंभर रुपयांच्या वस्तूचे आधी पन्नास होतात आणि त्या पन्नासावर तीस टक्के, म्हणजे पंधरा रुपये, कमी होतात. द्यावे लागतात पस्तीस रुपये. सूट ६५ टक्के. शाळेत जाणाऱ्या मुलांना ही गणिते घालावीत. पुस्तकातील गणितापेक्षा ती त्यांच्या अधिक ध्यानात राहतील आणि आईवडिलांनाही उपयोगी पडतील.

पुड्यावर छापलेली ‘एम.आर.पी.’ म्हणजे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत. त्याहून अधिक पैसे मागता येत नाहीत. कमी घेण्यास मात्र दुकानदाराला मुभा असते. ती वरची मर्यादा आहे, ठरलेला भाव नव्हे. म्हणून छापील किमतीवर पाच रुपये सूट देणारे कुपन घेऊन शहर गाठण्यापूर्वी, गावातील वाणी तीच वस्तू कितीस देतो हे विचारून घ्यावे. कोल्हापूरला जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेला दिवस हेही त्या वस्तूच्या किमतीत धरावे लागतात.

पॅकबंद मालावर आता एककाची किंमतही छापावी लागते. माल एक किलोहून कमी असेल तर ग्रॅमला काय पडते, अधिक असेल तर किलोला काय पडते, हे तेथे दिलेले असते. अक्षर बारीक असले, तरी डोळ्यांना तेवढा त्रास द्यावा. समजा, अडीचशे ग्रॅम चहाचा पुडा १३० रुपयांस आहे आणि त्यावर दहा रुपयांचे कुपन आहे. तो १२० रुपयांस पडला, म्हणजे ग्रॅमला ४८ पैसे. शेजारीच त्याच चहाचा अर्धा किलोचा पुडा कुपनाविना २३० रुपयांस आहे, म्हणजे ग्रॅमला ४६ पैसे. येथे कुपन नसलेला पुडाच स्वस्त ठरला. तसेच पाच-दहा रुपयांच्या लहान पुड्यांवर किंमत तीच ठेवून आतील वजन घटविण्याची रीत आता सर्रास झाली आहे. वजन वाचल्याखेरीज ते कळत नाही.

कायदाही या बाबतीत मुका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, ज्या वस्तूची किंमत मालातच धरलेली आहे ती ‘मोफत’ म्हणून भासविणे, देण्याचा हेतू नसताना बक्षिसे जाहीर करणे आणि बक्षीस-योजनेचा निकाल दडवून ठेवणे, या अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक आहे. बिल करताना मोबाईल क्रमांक दिलाच पाहिजे, असा हट्ट दुकानदाराने धरू नये, असेही केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ साली बजावले आहे. आणि खरवडावयाचे कार्ड टपालाने येऊन त्यात मोटारगाडी लागली असेल व ती मिळविण्यासाठी आधी ‘कर’ भरावयास सांगत असतील, तर तेथे मोटार नाही, केवळ फसवणूक आहे, हे निश्चित समजावे. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

येथवर सांगितले ते ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याच्यासाठी झाले. आमच्या मनाला अधिक टोचणारी गोष्ट पुढेच आहे. हजार रुपयांची खरेदी एकदम कोण करू शकतो? ज्याचा पगार महिन्याला एकरकमी येतो तो. अर्धा किलोचा पुडा कोण घेतो? ज्याला उद्याची भाजी आजच्या पैशातून काढावयाची नाही तो. निपाणी परिसरात तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, शेतमजुरीवर जाणाऱ्या भगिनींच्या हातात आठवड्याची मजुरी येते आणि त्यातील बराच भाग मागील उधारीपोटी जातो. त्या दहा रुपयांची चहापूड घेतात, पाव किलो तेल घेतात, आणि ग्रॅमचा हिशेब केला तर त्याच वस्तूला सुखवस्तू घरापेक्षा अधिक दाम मोजतात. उधारीच्या वहीवर कुपन चालत नाही. अशा रीतीने ज्याला सुटीची गरज सर्वांत अधिक, त्यालाच ती सर्वांत कमी मिळते. हा काही त्या भगिनींच्या उधळेपणाचा दोष नव्हे. आणि ‘काटकसर करा’ एवढा उपदेश करून आपणही मोकळे होऊ शकत नाही.

मग उपाय काय? एकट्याला जे साधत नाही, ते दहाजणांना साधते, हे जुनेच उत्तर आहे. इंग्लंडमधील रॉचडेल गावी अठ्ठावीस जणांनी, ज्यांत विणकर पुष्कळ होते, आठवड्याला काही पेन्स बाजूला टाकून माणशी एक पौंड भांडवल उभे केले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी एक छोटे दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर व मेणबत्त्या एवढाच त्यात माल. नियम मोठे शहाणपणाचे होते: माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोखीचा. जो नफा उरे, तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत मिळे. ही परत मिळणारी रक्कम म्हणजेच त्या गरिबांचे कुपन होते. ते कोणा व्यापाऱ्याने पेरलेले नव्हते, त्यांच्या स्वतःच्याच एकीतून उगवले होते.

आपल्याकडेही याची उदाहरणे आहेत. वसईच्या कॅथॉलिक बांधवांनी १९१८ साली आपली सहकारी पतसंस्था काढली. तीच पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून नावारूपास आली. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरात गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात सहकारी तत्त्वावर ‘वारणा बाजार’ उभा राहिला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची रीत तर आपण उद्या उचलावी इतकी सोपी आहे. शेजारपाजारची कुटुंबे गट करतात, महिन्याच्या मालाची मागणी आधी लिहून देतात, संस्था घाऊक भावाने तो माल आणते आणि गटातील माणसेच तो वाटून घेतात. यात जाहिरातीचा खर्च नाही. शिवाय मागणी आधी लिहिलेली असल्यामुळे ऐन वेळी हात भलत्या वस्तूकडे जात नाही.

कोगनोळी व आसपासच्या वाड्यावस्त्यांत बचत गट पुष्कळ आहेत. त्यांतील दहा घरांनी आठवड्याला वीस-वीस रुपये बाजूला टाकले, तर बारा आठवड्यांत २,४०० रुपये होतात. साखरेचे पोते ५० किलोचे असते. घाऊक दुकानातून रोखीने आणून घरटी पाच किलो वाटले की ते त्याच दिवशी संपते. प्रत्येकीने आपल्या साखरेचे पैसे फंडात परत टाकावे. तिला ते एकदम जमत नसेल, तर दोन हप्त्यांत टाकावे. पुढील खेपेस तेलाचा डबा, त्यापुढे तूरडाळ. वही एकीने ठेवावी, पैसे दुसरीने ठेवावे आणि हिशेब दर महिन्याला सर्वांपुढे वाचावा. हा शेवटचा नियम कधीही शिथिल करू नये. कित्येक चांगली कामे चोरीने नव्हे, तर संशयाने बुडालेली आहेत.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. २०२० व २०२१ साली साथीमुळे सीमेवरील नाक्यावर येण्याजाण्याला अटकाव झाला, २०१९ व २०२१ च्या पुरांत महामार्ग बंद पडला. तेव्हा शहरातील मोठ्या दुकानांची कुपने घराघरांत पडून होती आणि चुली मात्र गावच्या वाण्याच्या मालावर पेटल्या. अशा दुकानदाराची उधारी थकवून आपली रोख रक्कम दुसरीकडे नेणे न्यायाचे होणार नाही. गटाने प्रथम त्याच्याकडेच जावे आणि पोत्याचा रोखीचा भाव विचारावा. तो घाऊक बाजाराच्या जवळपास येत असेल, तर त्यालाच पसंती द्यावी.

ज्याच्या हाती पैसा आहे, त्याने यादी आधी करावी, कुपन मागाहून पाहावे, आणि यादीत असेल त्याच वस्तूसाठी, मुदत व अटी वाचून ते वापरावे. मनोरा बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घेणारा माणूस शुभवर्तमानात आपणांस भेटतो. घर चालविणाऱ्या भगिनीला तो परका वाटू नये. आणि अशा रीतीने जे दहा-वीस रुपये खरोखर वाचतील, त्यांतील थोडे शेजारणीच्या गटाच्या पहिल्या पोत्यासाठी उसने द्यावेत. तिची वही उधारीतून सुटेपर्यंत आपल्या बचतीचे काम अर्धेच झाले आहे, असे आम्ही समजतो.