पुस्तकातलं भूत आणि वर्तमानपत्राचं कव्हर

पोस्ट जरा लांबली आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात पुण्याहून नातीनं व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले. एकाच इंग्रजी कादंबरीची दोन कव्हरं. एक इंग्लंडातलं, एक अमेरिकेतलं. पुस्तक अजून बाजारात यायचं आहे, पण कव्हर आधीच जाहीर झालं आहे आणि पोरगी दिवस मोजते आहे. खाली लिहिलं होतं, "आबा, कोणतं भारी?" एकावर ड्रॅगन अख्खा, आग ओकणारा. दुसऱ्यावर नुसती एक किल्ली आणि मागं अंधार. मी किल्लीला मत दिलं. तिनं विचारलं, का? उत्तर मोबाइलवर टाइप करण्याइतकं छोटं नव्हतं, म्हणून इथं लिहितो आहे.

मी बोरगावचा. छिंदवाडा-नागपूर रस्त्यावरचं आमचं गाव. पूर्वी जिल्हा छिंदवाडा होता, 2023 पासून पांढुर्णा. 1956 मध्ये राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, शाळेत हिंदी. मी शिकलो हिंदीत आणि पुढे तीस-बत्तीस वर्षं शिकवलंही हिंदीतच. लोक विचारतात, गुरुजी, मग तुमची मराठी एवढी बरी कशी? मी हसून सांगतो, माझी मराठी शाळेची नाही, भुतांची आहे.

ते खरंच आहे. आईचं माहेर नागपूरचं, महालातलं. दरवर्षी उन्हाळ्यात ती माहेरी जायची आणि येताना सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणायची. छोटी लाइन तेव्हा जोरात होती. सौसर स्टेशनवर आम्ही भावंडं तिला घ्यायला जायचो, म्हणजे खरं तर पिशवी घ्यायला. पिशवीत वाळवणाचे डबे, महालातला चिवडा आणि तळाशी पाच-सहा पुस्तकं. नारायण धारप, रत्नाकर मतकरी, बाबुराव अर्नाळकर आणि चांदोबाचे मागचे अंक. नातीचं दिवस मोजणं मला कळतं ते यामुळे. आम्हीही मोजायचो. फरक एवढाच की आम्हाला पुस्तकाचं कव्हर आधी दिसायचं नाही. आधीच काय, नंतरही दिसायचं नाही.

कारण आमच्या घरी नियम होता. भुताच्या पुस्तकाला घरात शिरल्याबरोबर वर्तमानपत्राचं कव्हर चढायचं. बहुतेक वेळा 'नवभारत'चं. आई म्हणायची, "आबाजीले चित्र आवडत नाही." आबाजी म्हणजे माझे आजोबा, कडक माणूस. त्यामुळे धारपांचा समर्थ मी पहिल्यांदा वाचला तो गव्हाच्या भावांच्या आणि सिनेमाच्या जाहिरातींच्या आड. मुखपृष्ठावर काय असेल ते मीच मनात काढायचो. कंदील, विहीर, वाड्याची अर्धी उघडी कवाडं. पुढं बागेत रात्रीच्या लायनीवर संत्र्याला ओलित करायला जायचो तेव्हा तीच चित्रं सोबत यायची. भेव वाटायचं, पण पुढच्या उन्हाळ्याची वाटही पाहायचो.

मजा अशी की चांदोबाला ही बंदी नव्हती. विक्रम-वेताळाचं ते चित्र तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. स्मशान, हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत. ते चित्रकार शंकर यांचं, म्हणजे के. सी. शिवशंकरन यांचं. 2020 मध्ये ते गेले. आता प्रेताहून भयंकर ते काय? पण आबाजी तो अंक स्वतः वाचून दाखवायचे. मी एकदा विचारलं, हे कसं चालते? ते म्हणाले, "विक्रमाकडे पाय. तो भेला हाय का?" तेव्हा मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं. आज वाटतं, मुखपृष्ठाबद्दल इतकं नेमकं मी नंतर कोणाकडून ऐकलं नाही. भुताच्या चित्रात भूत किती मोठं काढलं याला महत्त्व नाही. माणूस कसा उभा आहे, ते पाहायचं.

पुढं नोकरी लागल्यावर मी कव्हरं पाहायचा शौक पुरवून घेतला. नागपूरला गेलो की जुन्या पुस्तकांच्या ढिगाशी तासन् तास. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर या दोघांची चित्रं मी शेजारी शेजारी ठेवून पाहायचो. मुळगांवकर देवादिकांची चित्रं काढणारे म्हणून घराघरात माहीत, पण अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही त्यांनीच रंगवली. तो झगमगीत प्रकाश, ते चकचकीत चेहरे. चित्रातली बाई किंचाळत असली तरी दिसायची लक्ष्मीसारखी. दलालांची रेषा वेगळी. कमी रंगात, मोकळ्या जागेत काम काढून घेणारी. धाकटा भाऊ हिंदी कॉमिक्सवाला. 1986 नंतर नागराजनं त्याला वेड लावलं. घरात माझी धारपांची मराठी आणि त्याची नागराजची हिंदी असं भांडणच होतं. नंतर कळलं की नागराजचे सुरुवातीचे कितीतरी अंक काढणारे प्रताप मुळीक आपलेच, मराठी. भावाला सांगितलं तर म्हणतो, "मंग मी बी मराठीच वाचत होतो म्हन ना!"

बाहेरच्या जगातही पाहा. ब्रॅम स्टोकरचं 'ड्रॅक्युला' 1897 मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं तेव्हा कव्हरवर ना दात होते, ना रक्त, ना वटवाघूळ. पिवळं कापड आणि त्यावर लाल अक्षरं, बस. टॉल्किननं 1937 च्या 'द हॉबिट'चं वेष्टण स्वतः काढलं. त्यात डोंगर, झाडं आणि मधून जाणारी वाट हेच ठळक. ज्यांच्या जिवावर पुढची सगळी भयकथा आणि अद्भुतकथा जगली, त्यांनी आपला मुख्य माल दुकानाच्या दारात मांडला नव्हता.

आता आपल्याकडचं. इथं माझी तक्रार आहे. गेल्या काही वर्षांत भयकथेचं म्हणून जे मुखपृष्ठ हाती येतं त्यात बहुतेक वेळा तेच ते. संगणकावर जोडलेला डोळा, केस सोडलेली बाई, रक्त ओघळणारी अक्षरं. कथा कोकणातल्या वाड्याची असते आणि चित्रातलं घर परदेशातलं, धुराड्यासकट! चित्रकारानं पुस्तक वाचलंच नाही हे चौथ्या पानावर कळतं. सगळी तशी नाहीत. नवीन चांगलं कामही होतं आहे. पण आई-बाप पोराच्या हातात असलं कव्हर पाहतात आणि म्हणतात, काय हा कचरा वाचतोस! आतला लेखक बिचारा न वाचताच नापास.

आणि हा लेखक साधा नाही. धारप जन्मले 1925 मध्ये, म्हणजे 2025 हे त्यांचं शताब्दी वर्ष. स्टीफन किंगची कथानकं घेऊन त्यांनी 'लुचाई' आणि 'शपथ' लिहिल्या, पण माणसं, घरं, बोलणं सगळं आपलं करून. 2018 मध्ये 'तुंबाड' सिनेमा आला, 2024 मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला आणि पोरांनी गर्दी केली. त्यामागं धारपांच्या गोष्टीची प्रेरणा आहे हे किती घरांत माहीत आहे? मतकरी 2020 मध्ये गेले. त्यांच्या गूढकथांत भूत कमी आणि माणसाचं मन जास्त. आज हृषीकेश गुप्ते 'घनगर्द', 'हाकामारी', 'दंशकाल' लिहितात. म्हणजे विहीर आटलेली नाही. आपणच बादली टाकायची सोडली.

मुलीचं सांगतो. 2007 मध्ये हॅरी पॉटरचं शेवटचं पुस्तक 21 जुलैला आलं. ती नागपूरला शिकायला होती, सकाळीच दुकानासमोर जाऊन उभी राहिली. मी चिडलो. एका पुस्तकासाठी रांग? मग आठवलं, सौसर स्टेशनवर आम्ही काय करत होतो? मराठीतला हॅरी पॉटर काढला तो आमच्या भोपाळच्या प्रकाशनानं, याचा मला मध्य प्रदेशी म्हणून अभिमान. पण भाषांतरासाठी रांग लागत नाही. रांग लागते ती आपल्या भाषेत, आपल्यासाठी पहिल्यांदा येणाऱ्या गोष्टीसाठी. नवीन मराठी भयकादंबरी येणार म्हणून दिवस मोजणारं पोरगं तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?

आता मूळ गोष्ट. या मे महिन्यात नात आली होती. अकरा वर्षांची, इंग्रजी शाळेतली. मराठी बोलते फर्डी, वाचताना मात्र अडखळते. माळ्यावरून आईची पेटी काढली. त्यात ती वर्तमानपत्री पुस्तकं तशीच. कागद पिवळा, कडा मोडलेल्या. नात म्हणाली, "आबा, आतलं कव्हर कसं असेल? आधी आपण दोघं काढू, मग उघडू." मी विहीर काढली. तिनं जिना काढला, वर जाणारा, आणि शेवटची पायरी काढलीच नाही. मग हळूच कागद सोडवला.

आत कव्हरच नव्हतं. फाटलेली कड तेवढी शिवणीला चिकटून होती. दुसरं उघडलं, तेही तसंच. तिसऱ्याचं मात्र शाबूत होतं.

आत्याबाई सौसरला असतात, आता पंच्याहत्तरीच्या पुढं. दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन भेटायला गेलो आणि सहज विषय काढला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ते चित्रं मीच फाडले होते रे बापू. त्याचे डोये मायाकडे पाहत होते. तुया मायनं कोणाले सांगतलं नाही. आबाजीचं नाव केलं."

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. आत्याला झटके यायचे. लोक म्हणायचे, बाहेरचं आहे. दोन वर्षं तिला कुठं कुठं नेलं, काय काय केलं, ते इथं लिहीत नाही. शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांनी मिरगी म्हणून ओळखलं, गोळ्या सुरू झाल्या आणि ती बरी राहू लागली. म्हणजे ज्या घरात आम्ही पोरं भुताच्या गोष्टी चघळत होतो, त्याच घरात एका तरुण मुलीला सगळे भूत म्हणत होते. आईनं पुस्तकं बंद केली नाहीत. चित्रं झाकली, आणि नियम सासऱ्यांच्या नावावर लावला. आबाजींनीही तो निमूट आपल्या अंगावर घेतला.

मी आत्याला विचारलं, मग तुला पुस्तकांचा राग नव्हता? ती म्हणाली, "पुस्तकं तर मी सारे वाचले. पुस्तकातलं भूत बरं राह्यते. पान मिटलं का तेही मिटते. लोकायच्या तोंडातलं मिटत नाही."

याच्यापुढं मी काय लिहू? पण मत मांडायला बसलो आहे, तर मांडतो.

गोष्ट फक्त वाचणाऱ्याची असते. मुखपृष्ठ मात्र घरातल्या सगळ्यांचं असतं, न वाचणाऱ्याचंही, आजारी माणसाचंही. म्हणून भयकथेच्या चित्रानं दार दाखवावं, आतलं दाखवू नये. ज्याला जायचं तो कडी काढून जाईल. म्हणून माझं मत किल्लीला. प्रकाशकांना विनंती आहे की चित्रकाराला पुस्तक आधी वाचू द्या, त्याला बरे पैसे द्या आणि त्याचं नाव ठळक छापा.

आणि आपल्यासारख्या घरांना विनंती की भुताची पुस्तकं लपवू नका. पोराला भीती वाटते, वाटू द्या. ती पुस्तकात शिकली तर गल्लीत कोणाला भूत म्हणताना ते थांबेल. आमच्या सीमेवरच्या घरांत तर मराठी टिकायला दुसरा जोर काय आहे? संस्कारांच्या पुस्तकानं पोरगं मराठीकडे येईल असं मला वाटत नाही. पुढं काय झालं या उत्सुकतेनं मात्र ते येतं. नात परत जाताना ते बिनकव्हरचं पुस्तक घेऊन गेली. परवा फोनवर म्हणाली, रोज चार पानं होतात, अडलेले शब्द आईला विचारते. त्याला तिनं आपलं कव्हर घातलं आहे. तोच जिना, शेवटची पायरी नसलेला.

या दिवाळीत प्रत्येक घरानं एक तरी नवीन मराठी भयकथा किंवा अद्भुतकथा विकत घ्यावी. मागून आणलेली नाही, विकत. आणि तुमच्या घरी आई-आजीनं कागद चढवून ठेवलेलं एखादं पुस्तक असेल तर कागद काढून पाहा. खाली काय निघालं ते सांगा. काहीच निघालं नाही, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.