पाचोळ्याचें घर

घरीं पाळावयाच्या प्राण्यांविषयीं या सदरांत लिहितांना बेडकाचें नांव आमच्या स्वप्नांतही आलें नव्हतें. त्या प्राण्याशीं आमची ओळख ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील मंडूकसूक्तापुरती. वर्षभर मौन पाळून पावसाळ्यांत बोलूं लागणाऱ्या बेडकांना तेथें व्रतस्थ ब्राह्मणांची उपमा दिली आहे, हें आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत मोठ्या रसानें सांगितलें. पण बेडकाला घर लागतें आणि तें कशाचें असतें, हा विचार कधीं शिवला नाहीं. तो धडा आमच्या नातवाकडून मिळाला, आणि त्याची फी दुसऱ्यानेंच भरली.

चिरंजीव अमेरिकेंत न्यू जर्सी येथें असतात. त्यांच्याकडे आम्ही उभयतां गेलों होतों. नातवाच्या खोलींत एक कांचेची पेटी, आणि तींत अंगठ्याएवढे तीन बेडूक. काळ्या अंगावर हिरवे पट्टे, जणूं मीनाकाम केलेले. ही जात मूळची कोस्टारिका, पनामा या बाजूच्या रानांतली. हे तीन मात्र पाळीव आईबापांचेच. बेडूक सुंदर खरे, पण पेटीच्या तळाशीं ओक वृक्षाच्या वाळलेल्या पानांचा दोन बोटें जाड थर, त्यांत कांहीं पानें कुजलेलीं, एकावर पांढरी बुरशी! "दिवाणखान्याशेजारीं हा उकिरडा कशाला?" असें आमच्या मंडळींनीं म्हटलें, आणि आम्हांसही तें पटलें. नातू शाळेच्या सहलीला तीन दिवस गेला होता, सूनबाई व चिरंजीव कामावर. आम्हीं सारा पाचोळा काढून फेंकला, तळ पुसला, ओला कागद अंथरला. पेटी आरशासारखी लख्ख झाली.

नातू परतला तो दारांतूनच थबकला. "आजोबा, पानं कुठं गेलीं?" तिघेही बेडूक एका कोपऱ्यांत एकमेकांना चिकटून बसले होते, तीन दिवसांत एकही माशी त्यांनीं खाल्ली नव्हती. त्यानें त्याच रात्रीं पानें आणून, उकळून, पुनः घातलीं. दोघे सांवरले. तिसरा खाऊं लागला नाहीं. नवव्या दिवशीं गेला. नातू आम्हांस एक शब्द बोलला नाहीं. रागावला असता तर बरें झालें असतें.

मग आम्हीं त्याच्याजवळ बसून एकेक गोष्ट विचारून घेतली. बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं, तें कातडीनें शोषतो. श्वासाचाही बराच भाग कातडीनेंच चालतो. म्हणून त्याला सदा दमट हवा व चटकन् आड होण्याजोगी जागा हवी. या जातीचा बेडूक दिवसा हिंडतो, पण दोन पावलांवर लपण असलें तरच. उघड्या मैदानांत त्याला भीतीनें अन्न गोड लागत नाहीं. सुकलेलें, मुडपलेलें पान म्हणजे त्याचें छप्पर. खालीं ओल, वर सावली.

आणि ज्या कुजण्याची आम्हांस किळस आली, त्यावरच सारा संसार चालतो. त्या थरांत डोळ्यांस जेमतेम दिसणारे पांढरे जीव असतात. पोटाखालच्या चिमट्यानें ते टुणकन् उडतात. ते बुरशी खातात. दुसरे चौदा पायांचे, लाकडाखालीं आढळणारे, कोळंबीच्या गोत्रांतले. ते कुजकीं पानें व बेडकांची विष्ठा संपवितात. वर बेडूक या दोघांनाही मटकावतो. झाडलोट करणारेच फराळालाही उपयोगी पडतात, अशी सोय आमच्या घरांतही नाहीं!

याच पाचोळ्याचें एक नवल आणखी. रानांत हे बेडूक विषारी असतात, हें ऐकून मंडळी घाबरल्या होत्या. परंतु तें विष त्यांचें उपजत नसून खाण्यांतून येतें. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ जॉन डेली व सहकारी यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलें कीं, फळांवरच्या माश्यांवर घरांत वाढविलेल्या या बेडकांत विष नसतें; पनामांतील पाचोळ्यांतले किडे खाणाऱ्यांत तें उतरतें. न्यू जर्सीच्या ओकपानांत तें सामर्थ्य नाहीं.

पानें कशीं घ्यावींत, याविषयीं नातू फार काटेकोर. झाडावरून आपोआप गळलेलीं, पुरतीं तपकिरी झालेलींच घ्यावयाचीं, हिरवीं नकोत. रस्त्याकडेचीं नकोत, औषध फवारलेल्या बागेंतलीं तर मुळींच नकोत, कारण जें पानावर तें बेडकाच्या अंगांत. देवदार, निलगिरी अशा उग्र वासाच्या झाडांचीं वर्ज्य. मग धुऊन कांहीं मिनिटें उकळावयाचीं, म्हणजे नको ते पाहुणे मरतात. उपयोगी जीव मागाहून वेगळे आणून सोडावयाचे. तळाशीं खडे, त्यांवर जाळी, मग माती, सर्वांत वर पानें; नाहींतर पाणी सांचून माती आंबते. जुनीं पानें विरत जातात तशीं नवीं वरून घालावयाचीं. सारें उपसून काढावयाचें नाहीं. हें शेवटचें वाक्य त्यानें आमच्याकडे न पाहतां उच्चारलें.

गंमत अशी कीं, तिकडे दुकानांत पाकिटें भरून विकलीं जाणारीं उत्तम पानें म्हणून जीं त्यानें दाखविलीं, तीं देशी बदामाचीं. आमच्या अंगणांत रोज सकाळीं झाडून एका कोपऱ्यांत पेटवितों तींच. आतां तीं पेटवीत नाहीं, आळ्यांत टाकतों. आमच्या सह्याद्रींतले कित्येक झुडुपी बेडूक पाण्यांत अंडीं न घालतां दमट जमिनीवर वा पानांवर घालतात, आणि अंड्यांतून मासोळीसारखें पिल्लूं न येतां थेट चिमुकला बेडूकच बाहेर पडतो. त्यांना तेथेंच राहूं द्यावें. हें वाचून कोणी आंबोलीहून बेडूक धरून आणूं नये, एवढी वाचकांस विनंती.

गेल्या महिन्यांत नातवानें एक छायाचित्र पाठविलें. उरलेल्या दोघांची जोडी निघाली. नरानें पानाखालचीं अंडीं ओलीं ठेवून राखलीं, आणि आतां एक पिल्लूं पाठीवर घेऊन तो पाण्याची वाटी शोधीत पाचोळ्यांतून चालला आहे. पिल्लाच्या बाजूला त्यानें बाण काढून आमचें नांव लिहिलें आहे.