काकूंची कढई आणि फ्रायरची नळी

माझी शुक्रवारची संध्याकाळ कुठे जाते, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. लोहाऱ्यात, एमआयडीसीतल्या माणसांच्या गर्दीत, काकूंच्या गाड्यावर. या शुक्रवारी आलूबोंडा हातात घेतला तर वरून काळपट आणि आत बेसन कच्चं.

"भाऊ, फ्रायरचं बटन एकशे ऐंशीवर हाये, अन् तेल धूर सोडून राहिलं," काकू रडकुंडीला आल्या होत्या. मेकॅनिकने दोनदा थर्मोस्टॅटचं बटन बदलून पैसे नेले होते. मी घरून थर्मामीटर आणून तेलात बुडवला, तर 212 अंश!

गॅसच्या फ्रायरमध्ये तेलात पेन्सिलीएवढा एक बल्ब असतो. त्यातला द्रव तापून फुगतो, बारीक तांब्याच्या नळीतून दाब देतो आणि बर्नरचा गॅस कमी होतो. काकूंच्या बल्बवर बेसनाचं जळकं किटण बोटाच्या पेराएवढं चढलेलं. उष्णता आत उशिरा पोचणार, गॅस उशिरा कमी होणार. थर्मोस्टॅटचं बटन दहा वेळा बदला, काय होणार?

पण मला संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. तेल हाताबाहेर तापलं की पायलटच्या छोट्या ज्योतीसकट गॅस तोडणारी वेगळी कळ असते, हाय-लिमिट. पायलट सारखा विझतो म्हणून मेकॅनिकने तिच्या दोन वायरी थेट जोडून दिल्या होत्या. पायलट विझत होता कारण कळ आपलं काम चोख करत होती! साडेतीनशेच्या आसपास तेल आपोआप पेट घेतं. समोर काकू उभ्या, बाजूला 19 किलोचं सिलिंडर, मागे शाळेतून आलेली नात. काय बिघडलंय ते न बघता सुटा भाग बदलणं ही फसवणूक आहे. सुरक्षेची कळ जोडून टाकणं हा गुन्हा आहे.

किटण काकूंनी स्वतः काढलं, तेल निवल्यावर, लाकडी पट्टीने, नळीला जराही बाक न देता. ती नळी मुडपली की बल्ब गेलाच. नवं तेल घातलं, थर्मामीटर 182 वर थांबला.

"यापेक्षा माह्या सासूबाईची गोळी बरी होती," त्या म्हणाल्या. भिजवलेल्या बेसनाची हरभऱ्याएवढी गोळी तेलात सोडायची. तळाशी बसली तर तेल थंड, लगेच वर येऊन काळी पडली तर जास्त तापलं; जरा बुडून, बुडबुडे काढत सावकाश वर आली की सांबारवडी घालायची. थंड तेलात घातलेली सांबारवडी तेल पिते, आतला सांबार, म्हणजे कोथिंबीर, ओला राहतो. सासूबाईंनी तेलाचं तापमान तीस वर्षं नुसत्या नजरेने सांभाळलं. मी थर्मामीटर पुसत ऐकत होतो.

हाय-लिमिट नवी येईपर्यंत फ्रायर बंद ठेवायचं ठरलं. काकूंनी गाड्याखालून जुनी कढई काढली, चूल पेटवून मंद केली आणि नातीच्या हातात बेसनाची गोळी दिली. "सोड. अन् हात मागं घे."